आजी जाते का शेवटी?

परवा ठाण्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात, चार माणसांच्या देखत माझी चोरी पकडली गेली. चोरी एका वाक्याची. तीही उलटी. कुणाचं वाक्य मी उचललं नव्हतं, माझंच एक वाक्य गुपचूप लेकीच्या निबंधात ठेवून आलो होतो.

लेक केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला आहे. तिथे फर्स्ट लँग्वेज इंग्लिशला एका पेपरऐवजी कोर्सवर्कची फाइल देता येते. तीन लेख, प्रत्येकी ५०० ते ८०० शब्द, एकूण ८० गुण. पहिल्यात कुणाच्या तरी लेखाशी वाद घालायचा, दुसऱ्यात वर्णन, तिसऱ्यात गोष्ट. एका लेखाचा कच्चा खर्डाही जोडायचा. शिक्षकांनी त्यावर मोघम सल्ला द्यायचा, चुका सुधारून द्यायच्या नाहीत. आईबापांनी तर हातच लावायचा नाही.

मी हात लावला नाही. बोट लावलं.

वर्णनासाठी लेकीने विषय घेतला दापोलीची आजी. म्हणजे माझी आई. मला भरून आलं. तिने लिहिलेलं वाचलं आणि भरून आलेलं ओसरलं. आजी पायरीवर बसून मोबाइलवर मालिका बघते, मध्येच मांजराला शिव्या घालते, असलंच सगळं. मी म्हटलं, "जरा हळवं कर की शेवटी." तिने खांदे उडवले आणि शेवटच्या परिच्छेदात आजीला मारून टाकलं. मग मीही राहवेना म्हणून एक ओळ सुचवली, तिच्या इंग्रजीत ती जरा बरी दिसत होती, पण मराठीत सांगायचं तर अशी: 'तिच्या हातांना आमसुलांचा आणि विसरलेल्या पावसाळ्यांचा वास यायचा.'

खर्डा हाती लिहिलेला, मॅडमनी बघून परत दिलेला. फाइलबरोबर शाळेत देण्याआधी एक प्रत घरी ठेवावी म्हणून दुकानात गेलो.

हे काका कागद मशिनवर पालथा घालण्याआधी वाचतात. सगळ्यांचे वाचतात. भाडेकरार, जातीचे दाखले, सासूचे रिपोर्ट. चष्मा कपाळावर असतो, तो नाकावर आला की समजायचं, मजकूर त्यांना आवडलेला आहे.

चष्मा नाकावर आला.

"कोर्सवर्क का? यंदा आजी जोरात आहे," काका म्हणाले. "गेल्या वर्षी पाऊस होता. त्याच्या आधी दोन वर्षं लॉकडाउन. एवढा लॉकडाउन काढला मी, की शेवटी टोनर संपला."

मी हसलो. हसायला नको होतं. त्यांना वाटलं, मला ऐकायचंय.

"जाते का शेवटी?"

"कोण?"

"आजी."

मागे उभ्या असलेल्या बाईंनी मान पुढे काढली. मी अपराध्यासारखा म्हणालो, "हो. जाते."

"ही सहावी," काका आतल्या पोऱ्याकडे बघत म्हणाले. पोऱ्याने गंभीरपणे मान हलवली. "पण साहेब, हे वर्णन आहे ना? दुसरी असाइनमेंट? मग आजी मरते कशी? माणूस मेलं की गोष्ट झाली. गोष्ट तिसऱ्यात. वर्णनात माणूस बसलेलं पाहिजे."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"सांगतंय कोण! तुमच्या त्या शाळेच्या मॅडम सूचनांच्या कॉप्या इथेच काढतात. वर्षाला नव्वद."

मागच्या बाई म्हणाल्या, "पण आजी गेल्यावर रडू येतं वाचणाऱ्याला."

"सहाव्यांदा येत नाही," काका म्हणाले, आणि त्यांचं बोट कागदावरून सरकत माझ्या ओळीवर येऊन थांबलं. माझ्या छातीत धस्स झालं. "हे बघा. मांजर, मालिका, पायरी, हे सगळं पोरीचं. आणि मध्येच हे काय? विसरलेल्या पावसाळ्याला वास कसला येतो?"

"कुबट येत असेल," बाई म्हणाल्या.

"हे मुलीचं नाही," काका म्हणाले. "हे वडिलांचं आहे. आयांची वाक्यं वेगळी असतात, त्यात संस्कार असतात. वडिलांना वास येतात."

पोऱ्या फिस्कन हसला. आधार कार्ड घेऊन उभे असलेले एक गृहस्थ माझ्याकडे असे बघू लागले, जसं काही त्यांच्या कार्डावरचा पत्ता मीच चुकवला होता. मी म्हणालो, "दोन्ही बाजूंनी काढा."

आता सांगतो मला राग कशाचा आला. १९९१ साली मी दापोलीहून दहावी झालो. इंग्रजी पाचवीपासून. परीक्षेसाठी 'अ सीन ॲट अ रेल्वे स्टेशन' हा निबंध पाठ होता. लाल सदऱ्यांचे हमाल, गरम चहाची आरोळी, गार्डची हिरवी झेंडी, सगळं स्वल्पविरामांसकट. दापोलीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ला, आणि तिचंही आम्हाला जवळचं स्टेशन खेड. वर्गातल्या प्रत्येकाच्या फलाटावर तोच हमाल, तीच झेंडी, आणि आम्हाला छान गुण मिळाले. कुणी विचारलं नाही की बाळा, तू गाडी पाहिलीस का.

आणि आता पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीकडे 'स्वतःचा आवाज' मागतात. तोही ५०० ते ८०० शब्दांत. माझं वय पन्नास व्हायला आलं, मला अजून तो सापडलेला नाही. सापडला होता असं वाटत होतं, तर तो आमसुलांचा निघाला. शिवाय ज्या भाषेत आजीचं वर्णन करायचं, ती आजीला वाचता येत नाही आणि आजी ज्या भाषेत मांजराला शिव्या घालते ती लेक अक्षरं जुळवत वाचते. त्याला गुण कुठल्या रकान्यात मिळतात ते मी त्या सूचनांत शोधलं. रकाना नाही.

घरी येऊन लेकीला म्हटलं, "ते काका काहीही बोलतात."

"काय म्हणाले?"

सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाबा, मॅडमनी समासात 'थिंक अबाउट व्हॉइस' लिहिलंय ना, ते तिथेच लिहिलंय. तुमच्याच ओळीसमोर. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तिने ओळ काढली. आजीला परत पायरीवर आणून बसवलं. पण खर्डा जसाच्या तसा जोडायचा असतो, त्यामुळे माझे पावसाळे आता फाइलबरोबर तपासनिसासमोर जायला मोकळे झाले.

रात्री आईचा फोन. "काय रे, पोरीने लिहिलंन म्हणे माझ्यावर? काय लिहिलंन?"

"छान लिहिलंय."

"मांजराचं नाही ना घातलंन?"

मी विषय बदलला.

आज पक्की प्रत घेऊन पुन्हा त्याच दुकानात जावं लागलं, दुसरं दुकान स्टेशनपलीकडे आहे. काकांनी चष्मा नाकावर घेतला. सगळी पानं सावकाश पाहिली. शेवटच्या पानावर थांबले, पोऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, "वाचली रे!"

आजी की पानं, ते मी विचारलं नाही. सोळा रुपये झाले. वीसची नोट दिली तर चार रुपयांच्या गोळ्या हातावर ठेवल्या, आल्याच्या.