खुलासा : १९७१ च्या युद्धात ‘विराट’ नव्हती

‘१९७१ मध्ये चितगाववर विमानं सोडणारी विराट’ असा एक फोटो सध्या नाशिकरोड-देवळालीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. ते काम ‘विक्रांत’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं, सी हॉक आणि अलिझे विमानं तिच्यावरून उडाली. विराट ही विमानवाहू नौका तेव्हा ब्रिटिशांच्या नौदलात ‘हर्मिस’ नावाने होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचे रिअर ॲडमिरल वुडवर्ड यांची ध्वजनौका (प्रमुखाची नौका) तीच. आपल्या नौदलात ती आली १२ मे १९८७ ला, निवृत्त झाली ६ मार्च २०१७ ला.

फोटो मोठा करून नौकेवर रंगवलेला आकडा बघा : आर-२२ म्हणजे विराट, आर-११ म्हणजे विक्रांत. नुसत्या डेकच्या पुढच्या टोकाच्या चढणीवरून (विमानं उडवण्यासाठीचा उंच उतार) ठरवू नका, विक्रांतलाही ती नंतर बसवली होती. मात्र चढण दिसली, तर फोटो १९७१ चा नाहीच.