प्रमोशन पाहिजे? मग आधी वकील बघून ठेवा

अभिनंदन! सरकारी खात्यात जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलात, पेढे वाटून झाले, गावच्या चौकात बॅनर लागला, आणि आता तुमच्या डोक्यात हिशोब चालू झाला असणार की इतक्या वर्षांनी डेप्युटी, मग एक्झिक्युटिव्ह, मग एसई म्हणजे सुपरिंटेंडिंग इंजिनिअर, आणि रिटायर होताना निदान दारावर पाटी तरी मोठी. हिशोब बरोबर आहे हो तुमचा, फक्त त्यात ज्येष्ठता यादी, म्हणजे बढतीची रांग, धरायची राहिली.

तर पहिला सल्ला, कॉंक्रीटचं मिक्स डिझाइन, लेव्हल बुक, एमबी (मोजमापाची वही) वगैरे शिकण्यात उमेदीची वर्षं घालवू नका. यादी वाचायला शिका. आमच्याकडे एक शाखा अभियंता होते, त्यांच्या बॅगेत कायम ती यादी असायची, घड्यांवर फाटलेली, मागून सेलोटेप लावलेली, आणि स्वतःच्या वरच्या प्रत्येक नावासमोर पेन्सिलने खुणा. फुली म्हणजे रिटायर, गोल म्हणजे विभागीय चौकशी चालू, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'याची तब्येत बरी नसते'. माणूस वाईट नव्हता हो. नंबर चारशेच्या पुढे असला की कुणाच्याही मनात शेजाऱ्याच्या बीपीची चौकशी येतेच.

यादीच्या डोक्यावर 'तात्पुरती' असं लिहिलेलं असतं. त्याने घाबरून जायचं नाही, ती तात्पुरती वर्षानुवर्षं टिकते, आपल्या रस्त्यांना तेवढी गॅरंटी कुठली! हरकती मागवतात, हरकती येतात, त्यावर कोणीतरी मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जातं, तिथून हायकोर्ट, आणि अंतिम यादी निघाली की तिच्यावर पुन्हा पहिल्यापासून.

आणि हे आजचं नाही बरं का. डायरेक्ट (थेट भरतीने आलेले) आणि प्रमोटी (खालून बढतीने आलेले) हे भांडण आपल्या महाराष्ट्राच्याच वयाचं आहे. १९६० च्या नियमात म्हटलं होतं की थेट भरतीचे ७५ आणि बढतीचे २५, पण 'शक्य तितपत'. या दोन शब्दांवर किती वकिलांच्या पोरांची शिक्षणं झाली असतील देव जाणे. सीनियॉरिटी धरायची कधीपासून, खुर्चीत बसला तेव्हापासून की कायम झाला तेव्हापासून, एवढाच मुद्दा. १९७७ साली पटवर्धन प्रकरणात सुप्रीम कोर्टात आपल्या पुण्याच्या न्यायमूर्ती चंद्रचूडांनी लिहिलं की कन्फर्मेशन ही सरकारी नोकरीतली एक लाजिरवाणी अनिश्चितता आहे, ती ना माणसाच्या कामावर अवलंबून असते ना जागा रिकामी असण्यावर. मिटलं म्हणता? छे! डायरेक्टवाल्यांच्या असोसिएशनचं प्रकरण पाच न्यायाधीशांपुढे गेलं आणि मे १९९० मध्ये निकाल लागला, की नेमणूक नियमाप्रमाणे असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून. म्हणजे १९६० ला पंचविशीत लागलेला पोरगा १९९० ला पंचावन्नचा, रिटायरमेंट अठ्ठावन्नला. घ्या, तीन वर्षं शिल्लक आहेत की सीनियॉरिटी भोगायला!

डिप्लोमावाले असाल तर तुम्हाला एक खास भाऊबंदकी फुकट मिळेल. साइटवर सेंट्रिंग कोसळताना डिग्री-डिप्लोमा कोणी विचारत नाही, बढतीच्या वेळी मात्र सगळ्यांना सर्टिफिकेट आठवतं. जम्मू-काश्मीरमध्ये एकाच केडरमधल्या असिस्टंट इंजिनिअरांपैकी फक्त डिग्रीवाल्यांना पुढे एक्झिक्युटिव्ह करायचं असा नियम होता, आणि १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. समान संधी समानांमध्येच असते म्हणे. समान कोण ते वर ठरतं.

मॅडम, तुम्ही इंजिनिअर असाल तर तुमच्यासाठी सल्ला छोटा आहे. 'साइटवर कुठे उन्हातान्हात जाता' असं फार प्रेमाने म्हणत तुम्हाला माहिती अधिकाराचं टेबल देतील, आणि दहा वर्षांनी त्याच प्रेमाने सांगतील की मॅडमना फील्डचा अनुभव कमी पडतो. तक्रार करू नका, प्रेम आहे ते.

गोपनीय अहवालाचं काय? सीआर चांगला राहील एवढं बघा, पण नुसता चांगला नको, चांगला हा शब्द घातकी आहे. सीमा रस्ते खात्यातले देव दत्त नावाचे एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते, त्यांना १९९३-९४ ला 'गुड' मिळालं, आणि एसई व्हायला सलग पाच वर्षं 'व्हेरी गुड' लागत होतं. तो गुड त्यांना कोणी कळवलाच नाही, कशाला कळवायचा, वाईट थोडीच होता. २००८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रत्येक नोंद कळवायला पाहिजे. तोवर साहेब रिटायर.

आता बढतीतल्या आरक्षणाचा विषय. इथे व्हॉट्सॲप ग्रुप दोन लागतात, एक आपला आणि एक त्यांचा, दोन्हीकडे सकाळी गुड मॉर्निंग आणि रात्री राज्यघटना. एका ग्रुपवर कलम १६(१), म्हणजे सगळ्यांना समान संधी, दुसऱ्यावर १६(४अ), म्हणजे बढतीत आरक्षण, पूर्ण १६ कोणीच वाचत नाही. आपल्याकडे बढतीत आरक्षण देणारा २५ मे २००४ चा जीआर (शासन निर्णय) आला, हायकोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो रद्द ठरवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ७ मे २०२१ ला नवा जीआर निघाला, त्यावर पुन्हा बोंबाबोंब. कालपर्यंत एकाच डब्यातली भाकरी खाणारे दोन इंजिनिअर आता एकमेकांना 'सर' म्हणतात. तुम्ही पण म्हणायला लागा, जोरात भांडा, वर्गणी काढा. कारण तुम्ही भांडत असताना वरच्या जागा रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या जागेसारखी सोयीची गोष्ट मंत्रालयात दुसरी नाही.

कळलं नाही? अहो, रिकाम्या खुर्चीला 'अतिरिक्त कार्यभार' नावाचं फळ लागतं. त्याला ना डीपीसी (बढती ठरवणारी समिती) लागते, ना रोस्टर (आरक्षणाचा तक्ता), ना ज्येष्ठता, ना डिग्री. अर्ध्या पानाचा कागद, 'पुढील आदेशापर्यंत', की झाले साहेब प्रभारी. यादीत सातशेव्या नंबरचा माणूस दोन-दोन डिव्हिजन सांभाळतो आणि नव्वदावा बसतो टेंडरच्या झेरॉक्स मोजत. त्याविरुद्ध फारसं कोणी जात नाही, डायरेक्ट नाही, प्रमोटी नाही, हा ग्रुप नाही, तो ग्रुप नाही, कारण उद्या चार्ज आपल्यालाही मिळेल अशी आशा सगळ्यांना समान असते. कलम १६ एवढं प्रामाणिकपणे दुसरीकडे कुठे पाळलेलं मी तरी बघितलं नाही.

आणि धीर सोडू नका, मिळतं प्रमोशन. ते सेलोटेपच्या यादीवाले आमचे शाखा अभियंता, त्यांना मिळालं. ऑर्डर आली २९ तारखेला, रिटायरमेंट ३१ ला, पोस्टिंग सातशे किलोमीटरवर, खाली नेहमीची ओळ, मुदतीत हजर न झाल्यास पदोन्नती नाकारली असे समजण्यात येईल. बायको म्हणाली, जाऊ दे हो. ते रात्रीच्या एसटीने गेले. ३१ ला सकाळी तिथे कोणी ओळखत नव्हतं, शिपायाने पाणी आणून दिलं, क्लार्कने चार्जचा फॉर्म आणला. एकाच तारखेचे दोन कागद आहेत त्यांच्याकडे, लॅमिनेट करून ठेवलेत. एकावर डेप्युटी इंजिनिअर म्हणून हजर, म.पू. दुसऱ्यावर निवृत्त, म.नं.