‘सुवर्णकाळ सांगून दीड तास चालवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

शनिवारची संध्याकाळ तुमच्या मनासारखी गेली नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन स्टार बघून वाईट वाटलं. नौपाड्यातल्या आमच्यासारख्या छोट्या गेमिंग कॅफेत नवीन माणूस हे रिव्ह्यू वाचूनच येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं असं: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाची ‘सुवर्णकाळ संध्याकाळ’ म्हणून बोलावलं, चार तासांचे २४० रुपये घेतले, त्यातला दीड तास खेळात नुसता चालण्यात गेला, रॅथमध्ये (याच खेळाच्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या नंतरच्या आवृत्तीत) असलं काही नव्हतं, आणि मालक ऐकून घ्यायचं सोडून वाद घालतो. शिवाय चार नंबरची खुर्ची डगमगते. खुर्चीचं मान्य आहे, ती बदलतोय. चालण्याचं मात्र तसं नाही.

आपण खेळलो ते क्लासिक, म्हणजे खेळाचं जुनं रूप, २००६ च्या १.१२ पॅचवर (अपडेटवर) बेतलेलं. ठरलं होतं पाच जणांचं डेडमाइन्स हे डंजन, म्हणजे गटाने मिळून लढत पार करायची जागा. ते वेस्टफॉलमध्ये, मूनब्रुक गावाच्या खाणीत. गुरुवारी ग्रुपवर टाकलेल्या मेसेजमध्ये स्पष्ट होतं: कॅरेक्टर किमान १८ लेव्हलचं असावं, शनिवारच्या आधी स्टॉर्मविंड शहरात पोचलेलं असावं, आणि नाइट एल्फ जमातीचं असेल तर (ते दुसऱ्या खंडात सुरू होतात) तो प्रवास घरीच उरकून यावा. बाकीचे चौघे तसे आले होते. तुमचं कॅरेक्टर, ड्रूइड, १९ चं होतं, पण उभं होतं ऑबरडीनच्या धक्क्यावर, दुसऱ्याच खंडात.

तिथून नेहमीचा रस्ता असा. बोटीने मेनेथिल हार्बर, मग वेटलँड्स पूर्ण ओलांडायचं, डन अल्गाझचे बोगदे, लॉख मोडान, डन मोरो, आयर्नफोर्ज, तिथून ट्रामने स्टॉर्मविंड, पुढे एल्विनच्या जंगलातून वेस्टफॉल. मेनेथिलला ग्रिफिन (पाठीवर बसवून उडत नेणारा प्राणी) असतो, पण आयर्नफोर्जचा फ्लाइट पाथ तुम्ही पायी जाऊन घेतलेला नसेल तर तो तुम्हाला तिथे नेत नाही. ऑबरडीनहून थेट स्टॉर्मविंडची बोट रॅथच्या वेळी, स्टॉर्मविंडला बंदर झाल्यावर आली. तुमच्या डोक्यात ती बोट होती. १.१२ मध्ये ती नाहीच.

न मरता गेलं तर याला पाऊण तास, फार तर तास लागतो. वेटलँड्समध्ये रस्ता सोडला की मगरी, आणि डन अल्गाझला ड्रॅगनमॉ ऑर्क. त्यांची लेव्हल तुमच्यापेक्षा जास्त, त्यामुळे ते लांबूनच अंगावर येतात. आमचा मुलगा मागे उभा राहून सांगत होता की रस्त्याच्या मधोमध चाला, थांबून लढू नका. तुम्ही लढलात. मेल्यावर भूत होऊन प्रेतापर्यंत धावण्याऐवजी दोनदा स्पिरिट हीलरकडून उठलात. त्याने सगळ्या सामानाची टिकाऊपणाची २५ टक्के झीज होते आणि रेझरेक्शन सिकनेस लागतो. १० च्या वरच्या प्रत्येक लेव्हलला एक मिनिट, म्हणजे १९ ला नऊ मिनिटं, ताकद पाऊण हिश्शाने कमी. त्या अवस्थेत पुन्हा ऑर्कांतून गेलात, म्हणून वेळ वाढला.

घोडबंदर रोडला ट्रॅफिक होतं हे मला कळतं, शनिवारी असतंच. पण चारचा स्लॉट, तुम्ही आलात चार पंचवीसला. मूनब्रुकला पोचलात सहाला. तेवढा वेळ चौघं वेस्टफॉलमध्ये किरकोळ क्वेस्ट करत थांबले, त्यांनीही चार तासांचे पैसे भरले होते, आणि त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली नाही. आठला स्लॉट संपला. व्हॅनक्लीफ, म्हणजे खाणीतला मुख्य शत्रू, पडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. त्या पंचेचाळीस मिनिटांचा एक रुपया कुणाकडून घेतला नाही. तुमच्या रिव्ह्यूत ते आलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

खाणीतही उशीर का झाला तेही सांगतो, कारण तुम्ही ‘ग्रुप कच्चा होता’ असं लिहिलंय. हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारे, तुम्ही होतात. जुन्या खेळात ड्रूइडला मेलेल्याला लढाईनंतर उठवण्याचा साधा मंत्र नाही. रीबर्थ आहे, पण तो २० ला मिळतो आणि एकदा वापरला की अर्धा तास बंद. प्रीस्ट किंवा पॅलाडिन असता तर जागेवर उठवलं असतं. ड्रूइड असल्यामुळे जो मेला तो स्मशानातून धावत परत आला. त्यात डिफियासची, म्हणजे खाणीतल्या दरोडेखोरांची, माणसं अर्धमेली झाली की पळतात आणि पुढच्या टोळीला घेऊन येतात, त्यांचा वेग आधीच कमी करून ठेवावा लागतो. पहिला बॉस (मोठा शत्रू) पडल्यावर गस्तीची टोळी मागून येते, हेही आधी सांगितलं होतं. मुलं कच्ची नव्हती.

आता वादाचं. तुम्ही म्हणालात, रॅथमध्ये बटण दाबलं की थेट डंजनमध्ये. ते बटण, डंजन फाइंडर, आलं ३.३ पॅचमध्ये, डिसेंबर २००९ ला. रॅथ आलं नोव्हेंबर २००८ ला. म्हणजे पहिलं वर्षभर रॅथमध्येही दोघांनी आधी डंजनच्या दाराशी जाऊन समनिंग स्टोनवर बाकीच्यांना बोलवावं लागायचं. २०२२ मध्ये रॅथ क्लासिक आलं तेही सुरुवातीला फाइंडरशिवाय. तुम्हाला आवडतं ते रॅथचं शेवटचं वर्ष, आणि ते आवडायला माझी हरकत नाही. काउंटरवर मी एवढंच म्हणालो, आवाज चढवला नाही.

रॅथला मी कमी लेखत नाही. एप्रिल २००९ चं उल्डुआर मला आजही या खेळातलं सर्वांत उत्तम रेड (खूप जणांनी मिळून लढायचं मोठं डंजन) वाटतं. तिथे अवघड पातळी सेटिंगमधून निवडायची नव्हती, लढतानाच ठरायची. मिमिरॉन या बॉसचं लाल बटण दाबायचं की नाही, योग-सारॉन या शेवटच्या बॉससमोर चार रक्षकांपैकी किती सोबत घ्यायचे, हे ग्रुपने ठरवायचं. १.१२ मध्ये असं काही नाही. ४० जण जमवायचे, बॉसवर एका वेळी १६ च डिबफ (त्याला कमजोर करणारे किंवा हळूहळू इजा करणारे मंत्र) बसतात म्हणून अर्ध्या लोकांनी आपले मंत्र वापरायचेच नाहीत, मेजने (जादूगाराने) रात्रभर फ्रॉस्टबोल्ट हा एकच मंत्र मारायचा. मूळ खेळात रॅग्नॅरॉस हा रेडचा बॉस पडायला कित्येक महिने लागले, २०१९ ला क्लासिक आल्यावर आठवडाही लागला नाही. लढाया सोप्याच होत्या, हे मी कुणाशीही मान्य करतो.

म्हणूनच २००६ चं मोठेपण रेडमध्ये शोधू नये असं माझं म्हणणं. ते जगात होतं. फाइंडरने वेगवेगळ्या सर्व्हरचे पाच अनोळखी एकत्र येतात, न बोलता वीस मिनिटांत मोकळे होतात, पुन्हा भेटत नाहीत. आधी सगळे एकाच सर्व्हरचे. कुणी लूट ढापली तर ते नाव आठवडाभरात सगळ्यांना माहीत व्हायचं आणि त्याला पुढे ग्रुप मिळायचा नाही. चांगल्या टँकलाही (पुढे राहून मार झेलणाऱ्यालाही) लोक नावाने हाक मारायचे. अंतर लांब म्हणून माणसं एकमेकांना सांभाळून राहायची. १ कोटी २० लाख सबस्क्रायबरचा आकडा तुम्ही दाखवलात, तो ऑक्टोबर २०१० चा, बरोबर आहे. पण गर्दी सहा वर्षं जमत आली होती, ती फक्त शेवटच्या वर्षाच्या नावावर कशी टाकायची?

आमच्याकडे येणाऱ्यांतही एकमत नाही. काराझान या रेडमुळे २००७ हाच सुवर्णकाळ म्हणणारे आहेत, तुमच्यासारखे रॅथवाले भरपूर आहेत. बोर्डवर ‘सुवर्णकाळ’च्या खाली ‘क्लासिक, १.१२’ असं लिहिलेलं होतं आणि आहे.

बदलाचं म्हणाल तर पुढच्या वेळेपासून २० लेव्हलच्या वरचा एक वॉरलॉक गटात असेल असं बघतो. सोल शार्ड (त्या मंत्राला लागणारी वस्तू) आणि जोडीला दोघे असले की तो दुसऱ्या खंडातल्या माणसालाही बोलावू शकतो. उशिरा येणाऱ्यांचंही काहीतरी ठरवू. रॅथची संध्याकाळ ठेवता येईल का याचा विचार चालू आहे.

तुमचा ड्रूइड आता वेस्टफॉलमध्ये आहे. वाटेतल्या आयर्नफोर्ज, स्टॉर्मविंड आणि सेंटिनेल हिलच्या ग्रिफिनवाल्यांशी बोलला असाल तर तो रस्ता पुन्हा पायी करायचा नाही. बोलला नसाल तर घरून लॉगिन करून सेंटिनेल हिल आधी घ्या, ते मूनब्रुकपासून जवळ आहे. पुढचं डंजन स्टॉर्मविंडच्या तुरुंगातलं, स्टॉकेड्स. शहरातच असल्यामुळे चालणं जवळपास नाही. २२ लेव्हल तरी करून या आणि गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा. हीलर म्हणून तुमची जागा शुक्रवारपर्यंत दुसऱ्याला देत नाही.