घर स्वस्त, राहणं महाग

गेल्या आठवड्यात एकच रील मला चार ग्रुपवर आला. अमेरिकेत ३० हजार डॉलरमध्ये घर, तीन बेडरूम, मागे डोंगर, समोर ओढा, आणि खाली कमेंट्समध्ये आपली मंडळी सुटलेली. एकजण म्हणतोय एवढ्यात पुण्यात धड वन बीएचके येत नाही, दुसरा म्हणतोय रिमोट जॉब घ्या आणि तिकडे शिफ्ट व्हा, तिसऱ्याला प्रश्न पडलाय की एवढं स्वस्त असून तिथले लोक गरीब कसे, आळशी असणार. रील मॅकडॉवेल काउंटीचा आहे, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. मी शेजारच्या काउंटीत राहते. नवरा डॉक्टर, जिथे इथले डॉक्टर जायला तयार नसतात तिथे तीन वर्षं काम करायचं आणि त्या बदल्यात मायदेशी परतायची व्हिसाची अट माफ, त्या रस्त्याने आम्ही इकडे आलो आणि मग राहूनच गेलो. त्यामुळे मॅकडॉवेलला माझं सारखं जाणं-येणं असतं आणि या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाहीये. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

घराची किंमत खरी आहे. रील खोटं बोलत नाहीये. तिथे घरं खरंच ३०-४० हजार डॉलरला जातात, काही त्याहून कमीला. पण किंमत कमी का झाली हे कोणी विचारतच नाही.

मी चंद्रपूरजवळच्या घुग्गुसची. वडील वेकोलित, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीत होते, क्वार्टर कंपनीचं, पाणी कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, त्यामुळे कोळशाच्या गावाचा कारभार मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मॅकडॉवेलमधलं गॅरी नावाचं गाव बघितलं तेव्हा रांगेतली एकसारखी घरं बघूनच कळलं की ही कॉलनी आहे. यू.एस. स्टीलने वसवलेलं गाव. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, एके काळी पगारसुद्धा कंपनीच्या टोकनमध्ये, जे फक्त कंपनीच्याच दुकानात चालायचं. १९५० साली या एका काउंटीत ९८ हजार ८८७ माणसं राहत होती. मग खाणीत मशिनी आल्या, शंभर माणसांचं काम दहा जण करायला लागले, १९८६ मध्ये यू.एस. स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या, आणि २०२० च्या जनगणनेत उरले १९ हजार १११. पाचातले चार गेले. वेल्च हे काउंटीचं मुख्य गाव, तिथे १९४१ साली नगरपालिकेने बहुमजली पार्किंगची बिल्डिंग बांधली होती, अमेरिकेत नगरपालिकेची तशी पहिलीच म्हणतात, एवढ्या गाड्या यायच्या. आज त्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता कुठेही गाडी लावा.

तर घर स्वस्त आहे कारण घ्यायला माणूसच नाही. आणि बरं, ते घ्यायचं म्हटलं तरी लोन मिळेलच असं नाही. बँकांना ३० हजारांच्या कर्जात रसच नसतो, कागदपत्रांची मेहनत तीन लाखांच्या कर्जाएवढीच आणि कमाई काहीच नाही. म्हणजे रोख मोजा. ज्याच्याकडे रोख नाही तो भाड्याच्या ट्रेलरमध्ये, पत्र्याच्या भिंती, हिवाळ्यात विजेचे हीटर रात्रंदिवस चालू, आणि जानेवारीचं लाइटबिल बघून माणसाला घाम फुटतो, थंडीतसुद्धा. शिवाय जमिनीखालचे हक्क बऱ्याच ठिकाणी वेगळे विकलेले असतात. वरची जमीन तुमची, खालचा कोळसा कुठल्यातरी दूरच्या कंपनीचा. इथल्या जमिनीचा मोठा भाग आजही अशा बाहेरच्या मालकांकडेच आहे. आणि उरलेली सपाट जागा कुठे, तर ओढ्याकाठी, दोन डोंगरांच्या बेचक्यात, ज्याला इथले लोक हॉलर म्हणतात. रीलमध्ये जो ओढा सुंदर दिसतो ना, तोच २००१ ला घरात आला, २००२ ला आला आणि फेब्रुवारी २०२५ लाही आला. पुराच्या विम्याचा हप्ता त्या ३० हजारांत धरलाय का कोणी?

पाण्याचं ऐका. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

या काउंटीत अशी गावं आहेत जिथे पाण्याची लाइन कोळसा कंपनीने शंभर वर्षांपूर्वी टाकली, कंपनी गेली आणि लाइन तशीच गंजत राहिली. पाणी उकळून प्या अशी नोटीस काही ठिकाणी वर्षानुवर्षं उठलीच नाही. नळाला कधी लाल पाणी, कधी काळं, कधी काहीच नाही. मग लोक रस्त्याच्या कडेला डोंगरातून आलेल्या पाइपवर भरतात, काही ठिकाणी तर ते जुन्या बंद खाणीतून वाहत येणारं पाणी असतं. मी अशा एका पाइपापाशी एका आजींना मदत केली होती. दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन, वीसेक असतील, पिकअपच्या मागे ओळीने मांडलेले, झाकणावर मार्करने खुणा, कुठला पिण्याचा, कुठला भांड्यांचा, कुठला फ्लशचा. कॅन भरेपर्यंत त्या हिशोब सांगत होत्या. घरचं पाण्याचं बिल येतंच, ते भरायचं, नाहीतर कनेक्शन तोडतात. त्या पाण्याने पांढरे कपडे पिवळे पडतात म्हणून धुवायला लाँड्रोमॅटला जायचं, त्याची नाणी वेगळी. हीटरची कॉइल पाण्याने खाल्ली, ती बदलली. पिण्यासाठी महिन्याला बाटल्यांचे खोके. आणि हे सगळं आणायला पेट्रोल. म्हणजे एकाच पाण्याचे पाच वेळा पैसे. कॅन उचलू देत नव्हत्या मला, म्हणे हनी तुझी कंबर जाईल. वय पंच्याहत्तरच्या पुढचं.

आणि हे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात. आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या बायका बघितलेल्या आहेत मी, म्हणून तर जास्त चिडचिड होते, कारण अमेरिकेत असं नसतं हे आपण सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. सांडपाण्याचंही तेच, कितीतरी घरांचं थेट पाइपाने ओढ्यात जातं. गंमत म्हणजे त्यातल्याच एल्कहॉर्न क्रीकमध्ये ट्राउट मासे भरपूर, बाहेरगावचे हौशी लोक महागडे गळ घेऊन येतात.

मग गाडी. इथे बस नाही म्हणजे समजून घ्या की नाहीच, थोडीफार सोय आहे ती धरून बसण्यासारखी नाही. पूर्ण काउंटीत इंटरस्टेट हायवे नाही, रस्ते वळणावळणाचे आणि कोळशाच्या ट्रकांनी उखडलेले. किंबॉलला वॉलमार्ट होतं, २००५ ला आलं, जानेवारी २०१६ मध्ये बंद केलं. आता आम्हा शहरी लोकांना वॉलमार्ट म्हणजे नाक मुरडायची जागा, पण तिथे ते किराणा होतं, औषधाचं दुकान होतं, हिवाळ्यात फिरायची जागा होती, आणि दीडेकशे लोकांची नोकरी होती. ते गेल्यावर मोठ्या खरेदीसाठी डोंगर उतरून ब्लूफिल्ड-प्रिन्स्टनकडे यायचं, वेल्चहून एका बाजूला तासाभराचा रस्ता. जवळ काय उरलं, तर एखाददुसरं सुपरमार्केट आणि डॉलर जनरल, जिथे चिप्स, सोडा, डबाबंद सगळं मिळतं आणि ताजी भाजी मिळाली तर नशीब. त्यात मोठा पॅक घेतला की स्वस्त पडतो, पण मोठा पॅक घ्यायला हातात पैसे लागतात, त्यामुळे गरीब माणूस छोटा पॅक चढ्या भावाने घेतो. हे आपल्याकडच्या शॅम्पूच्या पुडीचंच गणित आहे, कोणालाही कळेल.

आता कमाई बघा. अमेरिकेत कुटुंबाचं मधलं उत्पन्न वर्षाला ८० हजार डॉलरच्या आसपास, मॅकडॉवेलमध्ये ३० हजारांच्या आसपास. राज्याचं किमान वेतन तासाला ८ डॉलर ७५ सेंट, २०१६ पासून तेवढंच. टायर, टोयोटाचा पार्ट, इन्शुलिन, मोबाइलचा प्लॅन, यांच्या किमती काउंटी बघून कमी होत नाहीत. घर सोडून एकही गोष्ट तिथे अर्ध्या भावात नाही, उलट बऱ्याच गोष्टींवर त्या तासाभराच्या रस्त्याचं पेट्रोल चढतं. ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग’च्या ज्या वेबसाइट असतात त्या घराची किंमत धरून आकडा काढतात आणि वर हिरव्या रंगात स्वस्त असं लिहितात. मला तो हिरवा रंग बघितला की डोकं फिरतं.

आणि कित्येक घरांत कमाई म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा चेक. खाणीतल्या माणसाची पेन्शन, सोशल सिक्युरिटी, ब्लॅक लंगची, म्हणजे कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई. २०१९ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून खाण कामगारांचा पेन्शन फंड बुडता वाचवला, नाहीतर अख्खी काउंटी बसली असती. नशेच्या गोळ्यांनी मधली पिढी खाल्ली, काही गेले, काही जेलमध्ये, काही असून नसल्यासारखे, म्हणून नातवंडं आजी-आजोबांकडे. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांच्या पेन्शनवर आठ वर्षांच्या पोराचे बूट. आजोबा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन पोराला स्कूलबसपर्यंत सोडायला येतात, हे दृश्य तिकडे कोणाला नवल वाटत नाही. आजोबा गेले की त्या घरात फक्त माणूस जात नाही, महिन्याचा पगार जातो.

फूड स्टॅम्प म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, त्यावरून हसणाऱ्यांना एक सांगते. केनेडी १९६० मध्ये प्रचाराला या भागात फिरले, लोकांची उपासमार बघितली, आणि २९ मे १९६१ रोजी त्यांच्या फूड स्टॅम्प योजनेतले देशातले पहिले स्टॅम्प वेल्चमध्ये एका बेकार खाण कामगाराच्या कुटुंबाला दिले गेले. म्हणजे योजनेची सुरुवातच इथे झाली. आता जुलै २०२५ च्या कायद्याने काय केलं, तर या मदतीसाठी महिन्याला ८० तास काम दाखवायची अट ५४ वर्षांपर्यंत होती ती ६४ पर्यंत वाढवली. वॉशिंग्टनमध्ये बसून हे बरोबरच वाटत असणार, धडधाकट माणसाने काम करावं. पण ज्याची गाडी बंद पडलीये, ज्याच्या हॉलरमध्ये मोबाइलला रेंज नाही, पस्तीस वर्षं खाणीत वाकून ज्याचे गुडघे गेलेत आणि वय एकसष्ट आहे, त्याने ८० तास कुठे जाऊन भरायचे? सूट मिळते म्हणे, फॉर्म भरला तर. फॉर्म ऑनलाइन.

यावर लगेच येणार की त्यांनीच ट्रम्पला मतं दिली, भोगा. दिली, भरभरून दिली. पण याच काउंटीने २००८ मध्ये ओबामाला निवडलं होतं, हेही लक्षात ठेवा. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी येऊन खाणीच्या हेल्मेटात फोटो काढले. माझ्या मते ज्याला कोणीच पाणी दिलं नाही त्याच्या मताची चेष्टा करायचा अधिकार नळाला पाणी येणाऱ्याला नाही. पटत नसेल तर सोडून द्या, भांडणार नाही.

आणि सगळं रडगाणंच आहे असंही नाही हां. शेजारधर्म मी तिथे बघितला तसा आमच्या इथल्या देसी कॉलनीतपण बघितला नाही. पुरात ज्यांच्याकडे चार चाकं आणि दोरखंड होता ते सगळे सरकारच्या आधी पोचले होते. वसंतात डोंगरात रॅम्प्स नावाचा रानकांदा येतो, पातीला लसणाचा उग्र वास, बटाट्यासोबत परततात, खाल्ला की दोन दिवस कोणी जवळ बसत नाही. हरणाच्या सीझनमध्ये एकाने शिकार केली की तीन घरांच्या फ्रीजरमध्ये मांस जातं. परसात बीन्स, टोमॅटो, मका, आणि ऑगस्टमध्ये बरण्या भरून ठेवायची घाई. हे कुठल्याच वेबसाइटच्या हिशोबात येत नाही, ना उत्पन्नात, ना राहणीमानात. हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्समुळे डोंगरात एटीव्ही, म्हणजे चार चाकांच्या दणकट बाइक, चालवायला टुरिस्ट येतात, त्यावर काही घरं भाड्याने चालतात, चार पैसे येतात. त्यातली काही घरं बाहेरच्यांनी घेतलीत, म्हणजे तीस हजारांचं घरही हळूहळू इथल्या माणसाच्या हाताबाहेर.

रिमोट जॉबवाल्यांसाठी, वेस्ट व्हर्जिनिया राज्य शिफ्ट होणाऱ्याला १२ हजार डॉलर देतं, २०२१ पासून. पण मॉर्गनटाउन, लुइसबर्ग असल्या ठिकाणी, जिथे कॅफे आणि इंटरनेट आधीपासून आहे. मॅकडॉवेलसाठी चेक नाही.

बाकी कोळसा संपलाय असं समजू नका. इथल्या पोकाहोंटस पट्ट्यातला कोळसा पोलादाच्या भट्टीसाठी जगात नावाजलेला, तो आजही निघतो, नॉरफोकच्या बंदरावर जातो, आणि अमेरिकेचा कोळसा घेणाऱ्या देशांत २०२३ मध्ये पहिला नंबर आपल्या भारताचा होता. ट्रेन भरून माल जातो, काउंटीत मागे राहतं काय ते वर लिहिलंच आहे.

शेवटचा प्रश्न, जो माझ्या सख्ख्या चुलतभावानेही विचारला, एवढं वाईट आहे तर लोक निघून का जात नाहीत. अरे दादा, पाचातले चार गेलेच ना. उरलेल्याने जायचं तर आधी घर विकावं लागेल. ते जाणार ३० हजाराला, तेही गिऱ्हाईक आलं तर, रोखीवालं. त्या पैशात शार्लट किंवा रोनोकसारख्या शहरात डिपॉझिट, भाडं, ट्रक, नोकरी लागेपर्यंतचा खर्च, किती महिने चालणार? आणि तिकडे नातवाला सांभाळायला बहीण नाही, गाडी दुरुस्त करून देणारा मेव्हणा नाही, फ्रीजरमध्ये हरणाचं मांस नाही. तुझं पुण्याचं घर विकून तू कुठेही जाऊ शकतोस. त्यांचं घर स्वस्त आहे म्हणूनच त्यांना तिथून हलता येत नाही.