साडेपाच तास मागे? सेलला हात लावू नका

विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टीम एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांना एक मेसेज हमखास येतो: "घड्याळ चुकतंय? मदरबोर्डचा सेल गेलाय, बदला. नाही सुटलं तर विंडोजमध्ये 'सिंक नाउ' दाबा. तेही नाही जमलं तर लिनक्स काढून टाका." तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि लोक त्यापायी पैसे घालवतायत.

आधी सेल. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने दुकानात लॅपटॉप उघडून नवा सीआर२०३२ (मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल) बसवून घेतला. घरी आल्यावर तीच गत. मी विचारलं, घड्याळ नेमकं किती मागे आहे? लिनक्समध्ये रात्रीचे ९:१० झाले होते. विंडोज चालू केलं, तर कोपऱ्यात दुपारचे ३:४०. बरोबर साडेपाच तास. काढलेला सेल मल्टिमीटरवर धरला, पूर्ण ३ व्होल्ट. सेल संपला की घड्याळ असं मोजून मागे जात नाही. तारीखच कुठल्यातरी जुन्या वर्षावर जाऊन बसते, बायोसची (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज उडतात.

साडेपाच तास म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) यांतला फरक. मदरबोर्डवरच्या घड्याळाला टाइमझोन कळत नाही, ते नुसते आकडे धरून ठेवतं. विंडोज डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या) काळापासून ते आकडे स्थानिक वेळ म्हणून वाचतं, लिनक्स यूटीसी म्हणून. घड्याळ एकच, वाचणारे दोन.

'सिंक नाउ' हे बटण नेटवरून वेळ घेतं; त्याने विंडोजची वेळ सुधारते, हे खरं. पण तीच स्थानिक वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहिली जाते. मग लिनक्स चालू करा: ९:१० ऐवजी पहाटेचे २:४०! नेट मिळेपर्यंत ज्या फाइली सेव्ह कराल त्यांच्यावर उद्याची तारीख पडते, आणि नंतर 'मेक' (कोडपासून प्रोग्राम बांधणारं साधन) चालवलं की 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', म्हणजे घड्याळात तफावत, असा इशारा येतो.

लिनक्स काढायचं तर काहीच कारण नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात), टाइमझोन इन्फर्मेशनखाली, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' (RealTimeIsUniversal) या नावाने १ ही किंमत टाका आणि रीस्टार्ट करा; मग विंडोजही ते आकडे यूटीसी म्हणून वाचेल. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं ('टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही कमांड), पण मी तो मार्ग सुचवत नाही. भारतात चालून जाईल. लंडन किंवा न्यू जर्सीत मात्र उन्हाळी वेळ बदलली की दोन्ही सिस्टीम आपापल्या परीने एकेक तास सरकवू शकतात.

दोन्ही बदल एकदम मात्र करू नका. तसं केलंत तर विंडोज साडेपाच तास पुढे पळेल.