‘वस्तू चांगली असेल तर बिघडलं कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

छुप्या जाहिरातींवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. वस्तू खरंच चांगली असेल, तर ती सुचवणाऱ्याला पैसे मिळाले की नाही याने काय फरक पडतो? लोक दूधखुळे नाहीत, त्यांना सगळं कळतं. आणि प्रत्येक शिफारशीकडे असं संशयाने बघितलं, तर मोठ्या कंपन्यांचं काहीच बिघडत नाही, मरतो तो जाहिरातीला पैसे नसलेला छोटा व्यावसायिक. शेवटी तुम्ही विचारलंत, की भाच्याने तयार केलेल्या अभ्यासाच्या अ‍ॅपबद्दल तुम्ही ओळखीच्या पालकांना सांगितलंत, तर तुम्हीही त्याच रांगेत बसता का?

आधी पहिला मुद्दा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. जाहिरात समोर आली की आपण हातचं राखून वाचतो. हा विकायला आलाय, तो चांगलंच बोलणार, हे गृहीत धरतो आणि त्यातलं किती घ्यायचं ते ठरवतो. तेच वाक्य आपल्यासारखाच त्रास भोगलेल्या माणसाने म्हटलं, की आपण काही राखून ठेवत नाही. छुपी जाहिरात नेमका याचाच फायदा घेते. वस्तू नंतर चांगली निघाली तरी, माझ्या निर्णयासाठी लागणारी एक गोष्ट माझ्यापासून मुद्दाम दडवली गेली, हे बदलत नाही.

कशी दडवतात, ते एका नमुन्यातून दाखवतो. गुडघेदुखीबद्दल बोलणं चाललेलं असतं. एकजण लिहिते, “आई जिना उतरताना रडायची हो. सगळे डॉक्टर झाले. मग एका मैत्रिणीने एक तेल सुचवलं आणि महिन्याभरात आई बागेत फेऱ्या मारायला लागली.” तेलाचं नाव कुठेच नाही. थोड्या वेळाने दुसरी विचारते, “ताई, प्लीज नाव सांगा ना, माझ्या सासूबाईंना हाच त्रास आहे.” मग नाव येतं, तेही आढेवेढे घेत. तिसरा येऊन सांगतो, “आमच्याकडेही खूप फरक पडला.” या तिघांच्या मागे एकच माणूस असू शकतो. नाव पहिल्यांदा न सांगणं ही यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट. विचारल्यावर सांगितलं की ते विकणं वाटतच नाही. आणि हे कोण वाचत असतं? रात्री आईचे पाय चेपून झाल्यावर, आता आणखी काय करून बघू, म्हणून शोधत बसलेली एखादी मुलगी. तिला कळायला हवं होतं, हे मी म्हणणार नाही. तिची ती अगतिकता हेरूनच तर हा मजकूर लिहिलेला असतो.

‘लोकांना कळतं’ हे मला म्हणूनच पटत नाही. 1929 साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. बायकांनी उघड्यावर सिगारेट ओढणं तेव्हा निषिद्ध मानलं जाई. या सिगारेटी म्हणजे ‘स्वातंत्र्याच्या मशाली’, असं सांगितलं गेलं आणि वर्तमानपत्रांनी ते स्त्रीमुक्तीची बातमी म्हणून छापलं. त्यामागे एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धीतज्ज्ञ होता आणि पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे होते. बायकांच्या समान हक्कांची इच्छा खरी होती, म्हणूनच ती वापरता आली. मला या प्रसंगाचा आजही राग येतो. पुढे 2001 साली उघड झालं, की सोनीच्या चित्रपटांच्या जाहिरातींत ज्याने केलेली स्तुती छापून येत होती तो डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक अस्तित्वातच नव्हता, कंपनीच्याच माणसांनी तो उभा केला होता. लोकांना सगळं कळत असतं, तर असा समीक्षक घडवायचे कष्ट कोणी घेतलेच नसते.

आता तर भाषेवरूनही ओळखता येईनासं झालंय. पूर्वी एकाच छापाची वाक्यं आणि वस्तूचं पूर्ण नाव पुन्हा पुन्हा, एवढ्यावरून शंका यायची. आज यंत्राकडून शंभर वेगवेगळ्या आवाजांत, घरगुती तपशिलांसकट, चुकीच्या शुद्धलेखनासकट अनुभव लिहून घेता येतात. त्यामुळे ओळखण्याचं ओझं वाचणाऱ्यावर टाकून चालणार नाही. संबंध काय आहे ते सांगणाऱ्यानेच सांगायला हवं.

छोट्या व्यावसायिकांची तुमची काळजी मलाही आहे. पण मला चित्र उलटं दिसतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी 2011 साली सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास मांडला. येल्प या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर गुणांकनाचा एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. मात्र हा परिणाम स्वतंत्र, एकेकट्या रेस्टॉरंटांवर होता, नावाजलेल्या साखळ्यांवर नव्हता. म्हणजे लोकांच्या अभिप्रायावर जगतो तो छोटाच. शेजारच्याने खोटे अभिप्राय विकत घेतले, की पहिला फटका त्यालाच बसतो. साखळीचं नाव आधीच लोकांच्या डोक्यात असतं. आणि खोट्याला कंटाळून लोकांनी सगळ्याच अभिप्रायांवर विश्वास ठेवणं सोडलं, तर प्रामाणिक छोट्याकडे उरतं काय?

‘हे नवीनच सोवळं कुठून आलं’, असंही तुम्ही मध्येच म्हटलंय. नवीन नाही. पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ असा शिक्का मारूनच छापायचा, हा नियम अमेरिकेत वर्तमानपत्रांना 1912 साली लागू झाला. आपल्याकडे जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलं, की शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असा संबंध असेल की ज्याने शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, आणि ऐकणाऱ्याला तो एरवी लक्षात येणार नसेल, तर तो पूर्णपणे उघड करावा. अमेरिकेने 2024 मध्ये खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदीचा नियम आणला.

आता तुमचा भाचा. समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींसाठी 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ज्या सूचना काढल्या, त्यांत पैसे आणि फुकट वस्तूंबरोबर कौटुंबिक नातंही सांगण्याजोग्या संबंधांत धरलंय. तुम्ही काही त्या अर्थाने प्रभावी मंडळींपैकी नाही, आणि पालकांना अ‍ॅपबद्दल सांगितलंत यात मला काहीच वावगं दिसत नाही. माझा प्रश्न एवढाच, की तो भाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर तुम्ही त्या रांगेत मुळीच बसत नाही. नसेल, तर आजच सांगून टाका: “अ‍ॅप माझ्या भाच्याने केलंय, मला आवडलंय, तुम्ही मुलांना वापरायला देऊन बघा.” असं सांगितल्यावर काही पालक थोडं हातचं राखून ऐकतील. तो त्यांचा हक्क आहे. पण जे वापरून बघतील ते खरा अभिप्राय देतील, आणि अ‍ॅपमध्ये मुलं कुठे अडतात हे भाच्याला त्यांच्याकडूनच कळेल. तो अभिप्राय कसा येतोय, ते मला जरूर कळवा.