अमावस्या, गच्ची आणि पांढरं धोतर

सोसायटीत लोक तुमच्याविषयी फारच बरं बोलायला लागले असतील, तर एक खात्रीचा उपाय आहे: रात्रीचे पतंग बघायला लागा. संक्रांतीचे नव्हेत, दिव्यावर झेपावणारे, पाखरं म्हणतो ते. पण हे लगेच सांगू नका. मांजा कुठला वापरता, असं विचारणाऱ्याचा चेहरा हळूहळू पडताना बघण्यात वेगळी मजा आहे.

मुहूर्त अमावस्येचाच धरा. पौर्णिमेच्या चांदण्यात दिवा फिका पडतो आणि पाखरं फारशी फिरकत नाहीत. त्यातून कुंद, वारा पडलेली पावसाळी रात्र मिळाली तर सोन्याहून पिवळं. आता अशा रात्री गच्चीवर पांढरं कापड, पुढे दिवा आणि कानात बोळे घालून बसलेला माणूस, हे समोरच्या विंगमधून कसं दिसतं याची काळजी तुम्ही करू नये. ती करायला अख्खी विंग जागी आहे. बोळे मात्र हवेतच. भुंगेरा कानात शिरला की रात्री दीड वाजता डॉक्टरांना कारण सांगताना उरलीसुरली अब्रूही जाते.

कापड सुती, सहा फूट बाय चार. आजोबांचं धोतर उत्तम (विचारून घ्या). ताणून बांधा आणि खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या, म्हणजे पडलेली पाखरं पायाखाली जाणार नाहीत. दिवा चोकशिवाय चालणारा, १६० वॅटचा मर्क्युरी, कापडापासून दीड-दोन फुटांवर. साधा एलईडी लावला तर त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे वीजही वाचते आणि पाखरंही. मर्क्युरीवर आडोसा हवा. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, आणि बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली तर डोळ्यांना घातक किरण थेट बाहेर येतात. तेव्हा दिवा तिथल्या तिथे बंद. एरवी तो बंद करायला वॉचमन येतोच. विझलेला मर्क्युरी गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्या पाच-दहा मिनिटांत ‘हे रोज चालणार का?’ या प्रश्नाचा निकाल लावून टाकावा.

दिव्याला न भुलणाऱ्यांसाठी वेगळा पाहुणचार: पाव किलो गूळ, काळी पडलेली दोन केळी, चमचाभर पाणी, मंद आचेवर दाटसर. अर्धा कप रम गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर वास उडतो आणि खर्च तेवढा उरतो. तिन्हीसांजेला झाडाच्या बुंध्यावर छातीच्या उंचीवर पट्टा ओढा. पातळ झालं तर ओघळतं आणि पाखरांऐवजी मुंग्या जेवतात. सकाळी तिथे कुणी लिंबू-मिरची ठेवून गेलं असेल, तर ती दाद समजा.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न बहुधा टसरची साडी नेसलेल्या काकूच विचारतील. ती साडी गडचिरोली-चंद्रपूरकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या कोशातून निघते, हे सांगून बघा. प्रौढ झाल्यावर हा पतंग काही खात नाही, त्याला कामाचं तोंडच नसतं. काकूंपुढे हा भाग गाळला तरी चालेल.

आणि सेक्रेटरी जातीने वर येतील, नेमका त्याच रात्री पाठीवर कवटीचं चित्र असलेला पतंग कापडावर उतरेल. अळीपणी तिळावर, वांग्यावर पोसलेला, मोठेपणी पोळ्यातला मध चोरणारा. डिवचला की चिं-चिं ओरडतोही. डिवचू नका. सेक्रेटरी ओरडतात तेवढं पुरे.

दिवा उजाडण्याआधी तासभर बंद करा. कोतवाल, बुलबुल आणि दयाळ यांना तुमचं कापड एकदा कळलं की ते रोज नाश्त्याला येतात. पहाटे अंधारातच कापड सोडवून दाट झुडपांवर हलकेच झटका, पाखरं पानांत दडतील. दूधवाला त्याच सुमाराला फाटकातून आत येत असतो. त्याला हात करा. तो सायकल वळवून निघून गेला, तर त्या दिवशी चहा कोरा प्या.